मागच्या खोलीतली हवा

आजारी माणसाला लोक दोनच गोष्टी सांगतात. पॉझिटिव्ह राहा, आणि चिडचिड करू नका. हेवा वाटेल, असं मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं. मला तो इतका वाटला की भीतीला धड जागा उरली नाही. फोनवर बोलत बोलत जिना चढणाऱ्या बायकांचा हेवा. खोकला होऊन आठ दिवसांत बऱ्या झालेल्या शेजारणीचा हेवा. आणि सगळ्यात जास्त माझ्या जाऊबाईंचा. तुमच्या छातीत काही निघालं असेल आणि मनात असलं काही येत असेल तर लाजू नका. पण मी वागले तसं वागूही नका, म्हणून हे लिहिते आहे.

मी शोभना. केंद्र सरकारच्या एका खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही फरीदाबादला स्वतःच्या घरात आलो तेव्हा गार्गी, आमची एकुलती मुलगी, चार वर्षांची होती. घर दोघा भावांनी मिळून बांधलं. खाली मी आणि माझे यजमान अनिल, वर माझे थोरले दीर आणि जाऊ. त्यांना मी भाऊजी आणि वहिनी म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. मी सकाळी आठला ऑफिसला निघायचे ती संध्याकाळी सातला परत. गार्गी शाळेतून आली की सरळ वर. जेवण वर, अभ्यास वर, ताप आला तरी वर. मी आल्यावर हाक मारली की म्हणायची, "आई, बस दस मिनट." माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

तीन पायऱ्या खाली

आमचा प्लॉट मागच्या बाजूला उतरता आहे, म्हणून मागची खोली तीन पायऱ्या खाली आहे. जमीन म्हणजे निव्वळ अरवलीचा दगड. पाया खणताना निघाला तोच फोडून फरशीखाली घातला. मे महिन्यात सगळं फरीदाबाद भाजून निघतं तेव्हा ती खोली गार असते. वाटणीच्या वेळी वहिनींनाही खालचा मजला हवा होता, त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत. मी भांडून घेतला. नोकरी करते, धावपळ आहे, मला वरखाली जमणार नाही, असं म्हणाले. खरं सांगायचं तर ती गार खोली मला हवी होती. इतकी वर्षं मी तिथेच झोपले.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा काय होते ते सांगायला नको. काही वर्षांपूर्वी मी मागच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या थंडीपुरत्या टेप लावून बंद करायला सुरुवात केली. फटीत फोम, वर रुंद चिकटपट्टी, कोपऱ्यात प्यूरिफायर. त्याचा हिरवा दिवा लागला की मला कसं धन्य वाटायचं. वर वहिनी मात्र धूर असो, धुकं असो, सकाळी ऊन आलं की दारं-खिडक्या सताड उघडणार. "घरात हवा खेळायला हवी गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "वहिनी, ही हवा नाही, नुसता धूर खेळतोय." आणि मनातल्या मनात म्हणायचे, कुठल्या जमान्यात राहतात या.

पार्किंगमध्ये

खोकला दिवाळीत सुरू झाला. आमच्याकडे त्या दिवसांत ज्याला खोकला नसतो त्याला लोक विचारतात, बाहेरगावी होतात का? त्यामुळे दोन महिने सिरप, वाफ, हळदीचं दूध, कॉलनीतल्या डॉक्टरांचा इनहेलर. संक्रांतीला तिळगूळ वाटता वाटता रुमालावर रक्त दिसलं. मग एक्स-रे, मग सीटी, मग सुई घालून तुकडा काढणं.

रिपोर्ट घ्यायला मी आणि अनिल दिल्लीच्या हॉस्पिटलात गेलो, गाडी चालवायला भाऊजी. डॉक्टर गार्गीच्या वयाचा होता. त्याने आधी विचारलं, "आप स्मोक करती हैं?" नाही. "पहले कभी?" नाही. "हस्बंड?" अनिल सुपारीसुद्धा खात नाहीत. मग त्याने आवाज उतरवून मलाच पुन्हा विचारलं, जशी काही मी नवऱ्यासमोर लपवते आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्या रागात त्याचं पुढचं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. फुप्फुसाचा कॅन्सर हे शब्द ऐकू आले. डावीकडे आहे, लहान आहे, ऑपरेशन होऊ शकतं, हे अनिलनी नंतर तीनदा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं.

बाहेर आलो तर भाऊजी पार्किंगमध्ये गाडीला टेकून सिगरेट ओढत उभे. कॉलेजपासून ओढतात. मला पाहून घाईघाईने विझवली. अनिलनी सांगितलं तसे बॉनेटवर डोकं ठेवून रडायला लागले. त्यांनी मला धाकट्या बहिणीसारखं वागवलंय, आणि मी त्या वेळी त्यांच्या छातीकडे बघत होते. ह्यांच्या का नाही, हा एकच विचार. आला तो आला, लिहून टाकते.

भाऊजींनी त्या दिवशी सिगरेट सोडली ती कायमची. नातेवाइकांनी केवढं कौतुक केलं. मला त्याचाही हेवा वाटला. त्यांच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी होतं. मी काय सोडणार होते, चहा?

तीन चेंडू

ऑपरेशन झालं, डाव्या फुप्फुसाचा एक भाग काढला. पुढचे नऊ दिवस वॉर्डात. पाचला थर्मामीटर, साडेपाचला झाडू, सातला पातळ चहा, आणि नऊला फिजिओथेरपीवाली मुलगी. तिच्याकडे प्लास्टिकचं एक यंत्र असतं, त्यात तीन चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. माझा एक उचलायचा, तोही अर्धा. शेजारच्या खाटेवर पलवलच्या एक मास्तरीणबाई होत्या, त्यांचे दुसऱ्याच दिवशी दोन उचलले गेले. त्या हसून माझ्याकडे बघत होत्या आणि मी तोंड भिंतीकडे करून रडले. चेंडूंवरून. ऑफिसात मी अधिकाऱ्यांना इंग्रजीत झापलेलं आहे.

अनिल दर दहा मिनिटांनी विचारायचे, "काही हवंय का?" एकदा मी म्हटलं, "हो, फुप्फुस." ते उठून बाहेर गेले ते तासाभराने आले, डोळे लाल. तुमच्या माणसाला करायला एखादं ठरलेलं काम द्या, एवढंच सांगते. मी नंतर त्यांना औषधांची वही दिली. त्यानंतर दोघंही जरा बरे वागलो.

वहिनी रोज मेट्रोने यायच्या. फरीदाबादहून दिल्लीपर्यंत, दुखऱ्या गुडघ्यांनी, मांडीवर डबा घेऊन. मऊ भात, मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं. नर्सबाई म्हणायच्या, "दीदी आपकी कितनी अच्छी हैं." मी म्हणायचे, "हाँ, बहुत." तो भात मी पोटभर जेवायचे आणि वर जळायचेही, दोन्ही व्यवस्थित चालू होतं. लग्न होऊन बंगलोरला गेलेली गार्गी तेव्हा रोज फोन करायची, पण आधी वहिनींना. "काकू, खरं खरं सांग, आई कशी आहे?" वहिनी हळू आवाजात सांगायच्या. मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर पडलेली असायचे आणि माझा फोन चार्ज होऊन उशाशी असायचा.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. डावा हात वर जात नव्हता, त्यामुळे केसांचा पार गुंता झालेला. कमलेश नावाच्या आया होत्या, चादर बदलायला आल्या आणि न विचारता माझ्यामागे बसून वेणी घातली, घट्ट, शाळकरी मुलीची घालतात तशी. म्हणाल्या, "अब ठीक लग रही हो." त्या नऊ दिवसांत तेवढा अर्धा तास मी कुणावरही जळले नाही.

गार्गीची अट

घरी आले. रोज एक गोळी, दर तीन महिन्यांनी स्कॅन. दोन स्कॅन चांगले निघाले. आणि मग गार्गीचा फोन, पाचवा महिना लागलाय म्हणून. लग्नाला सात वर्षं झाली होती, आम्ही विचारणंही सोडलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायचं काही नव्हतं. मी डिंक आणला, खारीक आणली, अळीव निवडून ठेवले. डॉक्टरांना म्हटलं, मला मार्चपर्यंत नीट चालू ठेवा, पुढचं पुढे बघू. गार्गीचं सगळं लहानपण वरच्या मजल्यावर गेलं. हे बाळ तरी माझ्या खोलीत, माझ्या हातात हवं होतं.

मग एका रविवारी तिचा पुन्हा फोन आला.

"आई, एक बोलायचं होतं. रागावू नको हां."

"बोल की."

"मी वाचत होते, सिगरेट न ओढणाऱ्यांना का होतं म्हणून. एक गॅस असतो, रेडॉन. जमिनीतून येतो, दगडातून. वास नाही, रंग नाही. खालच्या मजल्यावर बंद खोलीत साठतो. आपली मागची खोली तर दगडावरच आहे ना?"

"त्या खोलीत इतकी वर्षं राहतोय आम्ही."

"तेच तर म्हणतेय ना, यार. टेस्ट करून घे. ठीक आली तर मी मागच्या खोलीत राहते. नाही आली तर वर, काकूकडे. एकच तर घर आहे. प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम काय आहे ते मी तिला सांगू शकत नव्हते. तिने वहिनींशी आधीच बोलून ठेवलं होतं हे मला संध्याकाळी कळलं, कारण वरच्या दक्षिणेकडच्या खोलीतलं कपाट सरकवल्याचा आवाज आला.

डबी

अनिलच्या सकाळच्या फिरण्यातल्या एका मित्राने मलिक मॅडमचा पत्ता दिला. त्या युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवतात आणि असली मोजणी करतात. पस्तिशीच्या, सलवार-कमीज, पाठीवर सॅक. त्यांनी एक पत्र्याची डबी काढली, कुंकवाच्या करंड्यापेक्षा जराशी मोठी, आत कोळसा. ती खोलीत उघडून ठेवायची, चार दिवसांनी बंद करून प्रयोगशाळेत न्यायची. मी कल्पना केली होती काहीतरी मोठं यंत्र येईल, दिवे लागतील.

"बस, चार दिन खिड़की-दरवाज़े बंद रखिए," त्या म्हणाल्या. "आने-जाने के लिए खोला, तुरंत बंद. खिड़की बिल्कुल नहीं."

"बंद ही रहता है," अनिल म्हणाले आणि कौतुकाने टेप दाखवली, प्यूरिफायर दाखवला.

मॅडमनी टेपवरून बोट फिरवलं. "ये मशीन धूल पकड़ती है, अंकल. गैस नहीं. और टेप से तो जो नीचे से आएगी, वो अंदर ही रह जाएगी." मग माझ्याकडे बघून जरा थांबल्या. माझा आजार त्यांना माहीत होता. "पक्का कोई नहीं कह सकता, आंटी. पहले नापने दीजिए."

त्या गेल्यावर मी खाटेवर बसून राहिले. बाहेरच्या धुरापासून फुप्फुसं जपायची म्हणून मी दर थंडीत स्वतःच्या हातांनी खोली बंद करत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आणि वर वहिनी, काहीही न वाचता, कुणालाही न विचारता, नुसत्या सवयीने खिडक्या उघडत राहिल्या आणि खणखणीत राहिल्या. मला त्या दिवशी त्यांचा राग आला असं मी अनिलना म्हटलं. राग नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल फिरायला गेले आणि मी टेपचं टोक नखाने उचललं.

दोन्ही खिडक्या उघडल्या. शाल गुंडाळून, मफलर बांधून, दोन तास तिथेच बसले. दुपारी अनिल बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता झोपतात, तेव्हा पुन्हा. मनाशी म्हणत होते, यात खोटं काय आहे, हवाच तर आत घेतेय. वहिनी गच्चीत वाळवण बघायला आल्या होत्या, त्यांना वरून खिडकी दिसली. डबीचा नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. "अगं बाई, उघडल्यास का खिडक्या? बरं झालं. मी किती वर्षं सांगतेय." आनंदाने खाली आल्या, आल्याचा चहा घेऊन. आम्ही दोघी उघड्या खिडकीत बसून चहा प्यायलो. त्यांनी माझ्या पायांवर रजई नीट केली. त्या गेल्यावर मी टेप पुन्हा चिकटवली, अंगठ्याने घासून, कडा उचलायला नको म्हणून. मॅडम डबी न्यायला येईपर्यंत रोज असंच केलं.

आठवड्याने रिपोर्ट आला. आकडा मॅडमनी धोक्याची म्हणून कागदावर आखलेल्या रेषेच्या खाली. अनिलनी मोठ्याने वाचला, भाऊजींनी पेढे आणले. वहिनी म्हणाल्या, "चला, चांगलं झालं." मग वर गेल्या. थोड्या वेळाने मी जिन्यातून बघितलं तर भाऊजी आणि त्या मिळून नवीन गादी, अजून प्लास्टिकमध्येच होती ती, माळ्यावर चढवत होते. मला आनंद झाला. जिंकल्याचा आनंद असतो तसा.

दुपारची झोप

गार्गी सातव्या महिन्यात आली. एअरपोर्टवरून येताना धुराने पुढची गाडी दिसत नव्हती. मी आधीच सगळी टेप काढून मागच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. तिने आत पाऊल टाकलं आणि नाकावर ओढणी धरली.

"आई, हे काय, यार. बंद कर ना. बाहेर बघ किती पोल्यूशन आहे."

"थोडी उघडी असू दे गं. हवा खेळते."

"ही हवा? बेबीला सूट नाही होणार. ती टेप कुठेय तुझी?"

"गार्गी, राहू दे ना टेप."

"का पण? टेस्ट तर ठीक आलीये ना?"

 तिने स्वतः खिडक्या ओढल्या, खिट्ट्या घातल्या, प्यूरिफायर लावला. हिरवा दिवा लागला. "बघ, किती छान," म्हणाली आणि डाव्या कुशीवर झाली. पाच मिनिटांत झोप लागली. तोंड जरासं उघडं, लहानपणी झोपायची तसंच.

मी तिसऱ्या पायरीवर बसले. तिचा श्वास ऐकत होते. आत, बाहेर, आत, बाहेर. पोट मधूनच हलत होतं. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरून नेताना मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी तिथे वाटली. तिने माझ्याच रिपोर्टावर विश्वास ठेवून माझ्याच खोलीत माझीच चूक केली होती, आणि मी तिला ती करू देत होते, कशासाठी, तर बाळ वर जाऊ नये म्हणून.

मी उठले आणि वर गेले. सतरा पायऱ्या आहेत. दोनदा थांबावं लागलं. वहिनी ताटात मटार सोलत बसल्या होत्या. मला बोलायला दम नव्हता, म्हणून आधी नुसती खुर्चीत बसले.

"वहिनी, टेस्टच्या वेळी खिडक्या बंद ठेवायच्या होत्या. मी उघड्या ठेवल्या."

"अगं, मग?"

"म्हणून आकडा कमी आला."

शेंग अर्धी सोलून त्या थांबल्या. "का केलंस?"

"ती तुमच्याकडे येऊ नये म्हणून."

वहिनींनी ताट बाजूला ठेवलं.  मग म्हणाल्या, "मी तुला चहा आणून दिला त्या दिवशी."

"हो."

"आणि तू प्यायलीस."

"प्यायले."

"जा आणि तिला सांग," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तू मला जन्मभर माफ करणार नाहीस."

"उठल्यावर सांगते."

"झोपलीय कुठे ती?"

मी उठले.

गार्गीने सगळं बसून ऐकलं.  मग विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती."

"शंका होती म्हणून तर उघडल्यास." ती उभी राहिली. "आई, तुझी छाती कापलीय. तुला माहितीय ते काय असतं. आणि तू मला इथे..."  उशी घेतली, चार्जर घेतला, आणि कठडा धरून वर गेली. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी अनिलमार्फत बोलली. आईला विचारा गोळी घेतली का, असं.

किल्ली

दुसरी मोजणी गार्गीने करवली. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली वहिनींकडे दिली. माझ्या खोलीची किल्ली, जाऊबाईंच्या कमरेला, चार दिवस.  तुम्हाला घर तपासायचं असेल तर तुम्हीही असंच करा, ज्याचा जीव आकड्यात अडकलाय त्याच्या हाती किल्ली देऊ नका.

आकडा रेषेच्या कितीतरी वर आला. मॅडम फरशीवर चवड्यांवर बसून भेगा दाखवत होत्या, भिंतीच्या कडेला, बाथरूमच्या नळाभोवती. भेगा बुजवल्या. फरशीला भोक पाडून खालून पाइप काढला, तो भिंतीबाहेरून गच्चीपर्यंत नेला आणि वर एक लहान पंखा बसवला, दिवसरात्र चालणारा. जमिनीतला गॅस घरात शिरायच्या आधीच बाहेर ओढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. आम्ही दोघं तोवर पुढच्या खोलीत झोपत होतो, खिडकी उघडी ठेवून.

मी माझ्या डॉक्टरांना आकडा दाखवला. विचारलं, "इसी से हुआ?" ते म्हणाले, "हो सकता है. दिल्ली की हवा से भी हो सकता है. या दोनों से नहीं." मला एक नाव हवं होतं, बोट दाखवायला. ते मिळालं नाही, तुम्हालाही बहुधा मिळणार नाही.

मार्चअखेर गार्गीला मुलगी झाली. हॉस्पिटलातून ती सरळ वर गेली, नव्या गादीवर. वहिनी पहाटे उठून पाणी तापवायच्या, तेल लावायच्या, शेक द्यायच्या. डिंकाचे लाडू मी खाली वळायचे आणि वर पाठवायचे. दिवसातून तीन-चारदा चढून जायचे. मला उभ्याने दम लागतो, म्हणून मी बसून मांडीवर घ्यायचे. पोरीला फिरवलेलं आवडतं. ती माझ्या मांडीवर किंचाळायची आणि वहिनींनी खांद्यावर टाकून दोन फेऱ्या मारल्या की गप्प. मी हसून म्हणायचे, "काकूआजीची लाडकी आहे." जीव तळतळायचा.

पंखा बसवल्यानंतरची तिसरी मोजणी एप्रिलमध्ये ठरली. डबी ठेवून मॅडम गेल्या. गार्गीने कुलूप घातलं, किल्ली हातात घेतली, आणि माझ्यापुढे धरली.

"तू ठेव."

"मी?"

"मग कुणाला देऊ, आई?"

चार दिवस मी त्या दाराकडे फिरकलेही नाही. आत माझा चष्मा राहिला होता. पेपर अनिलनी वाचून दाखवला.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही सगळे वरच होतो. आकडा रेषेच्या पुष्कळ खाली. गार्गीने कागद वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई, पक्का?"

"पक्का."

"चलो, मग आजच खाली जाऊ. आई बिचारी किती चढ-उतर करतेय." ती लंगोट गोळा करायला लागली. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते हेच होतं.

वहिनी पाळण्याशी उभ्या होत्या. दुपटं घडी करत होत्या. घडी झाली, ती उलगडली, पुन्हा घातली. तोंडाने म्हणत होत्या, "हो, हो, बरोबर आहे, जा ना." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काय चाललंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"गार्गी, राहू दे," मी म्हटलं. "सव्वा महिना होईपर्यंत वरच राहा."

"आई? तूच तर..."

"बाळंतिणीने मधेच जागा बदलू नये. मी येत जाईन."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. दुपट्यालाच म्हणाल्या, "तिला दम लागतो. रोज रोज कशी चढणार?"

"चढेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तर जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवलेली. वहिनींच्या स्वयंपाकघरातली. मी बसले. वरून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, मग वहिनींचा आला, मग रडणं थांबलं. मला हेवा वाटला, रोज वाटतो तसाच. श्वास जागेवर आला तशी उठले आणि उरलेल्या पायऱ्या चढायला लागले.